व्यसनातून सावरणाऱ्या किशोरवयीन मुलांचे निवासी उपचार आणि शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाला व्यसनासाठी निवासी उपचारांत ठेवण्याची वेळ आली, की आईवडिलांना दोन गोष्टींची धास्ती एकदमच वाटू लागते : मुलगा हातचा जाईल आणि त्याचे वर्ष वाया जाईल. निवासी केंद्रात अशा मुलांना शिकवताना आणि त्यांच्या पालकांशी बोलताना जे प्रश्न वर्षानुवर्षे कानांवर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती महाराष्ट्रातील परिस्थिती आणि केंद्राचे कायदे समोर ठेवून लिहिली आहेत. औषधे कोणती, किती आणि कधी, हे मात्र मुलाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

मुलगा गांजा ओढताना सापडला. त्याला लगेच भरती करावे का?

बहुतेक वेळा नाही. कधीमधी ओढणारा, शाळेत जाणारा, घरी जेवणारा-झोपणारा मुलगा मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्याकडे दर आठवड्याला ये-जा करूनही सावरू शकतो. कायद्याचेही म्हणणे तेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात आणि त्याच्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलाला भरती करण्यापूर्वी घरी किंवा वस्तीत राहून घ्यायचे उपचार अपुरे पडले आहेत, अथवा ते उघडच गैरलागू आहेत, हे दिसावे लागते.

भरतीचा विचार करायचा तो वेगळ्या परिस्थितीत : पदार्थ बंद करताना जिवाला धोका असेल, मुलाने स्वतःला इजा केली असेल, बाहेरचे उपचार दोन-तीनदा मधेच सोडले असतील, तो रात्र-रात्र घरी येत नसेल किंवा पदार्थ मिळण्याचे ठिकाण त्याच्याच गल्लीत, कधी कधी त्याच्याच घरात असेल. शेवटचे कारण पालक सहसा सांगत नाहीत. ते आम्हाला मुलांकडूनच कळते.

सगळ्या पदार्थांवर उपचार सारखेच असतात का?

नाही, आणि पहिल्या आठवड्यात हा फरक जिवावरचा असतो. दारू किंवा मुले ज्यांना ‘बटण’ म्हणतात त्या नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या रोजच्या झाल्या असतील, तर त्या एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते. म्हणून ‘खोलीत कोंडून दोन दिवसांत सोडवतो’ हा घरगुती उपाय कोणीही करू नये. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, बंद केल्यावर होणारी अंगदुखी, नाक-डोळे वाहणे, उलट्या, जुलाब या सगळ्याला मुले ‘टर्की’ म्हणतात. ती भयंकर वाटते, पण औषधांनी बरीच सुसह्य होते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ, बंद झाल्यावर मुलगा दिवसचे दिवस झोपतो आणि मग अतिशय खिन्न होतो. या टप्प्यावर आत्महत्येचे विचार येऊ शकतात, त्यामुळे ‘आता शांत झाला’ असे समजून कोणी गाफील राहू नये. गांजा सुटताना चिडचिड, झोपमोड आणि अन्नावरची वासना उडणे हे साधारण दोन आठवडे चालते.

मुलांच्या बाबतीत वेगळा विषय आहे तो हुंगण्याच्या पदार्थांचा : पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर. दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, ज्याचा वापर मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळला, असा हा एकच गट होता : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के. ही वस्तू दुकानात मिळते, स्वस्त असते आणि तिला ‘ड्रग्ज’ म्हणायला कोणी तयार नसते. मात्र हुंगल्यावर हृदयाची लय बिघडून अगदी पहिल्या वेळीही मृत्यू होऊ शकतो आणि दीर्घ वापराने स्मरणशक्ती व हातांवरचा ताबा यांवर परिणाम होतो. हुंगणारा मुलगा नवीन आला, की मी त्याच्या डोळ्यांआधी शर्टाची बाही पाहतो. सोल्युशनचे वाळलेले पिवळट पोपडे आणि धुऊनही न जाणारा वास तिथे असतो.

मोठ्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात जागा आहे. तिथे ठेवले तर चालेल का?

चालणार नाही. अल्पवयीन मुलाची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी असलीच पाहिजे, असे कलम ८७ स्पष्ट सांगते. कायदा नसता तरी उत्तर हेच असते, कारण गांज्यासाठी आलेला पंधरा वर्षांचा मुलगा चाळिशीच्या माणसांच्या गटात बसला, की महिनाभरात त्याला गर्द कुठे मिळते आणि पन्नीवर कसे ओढतात, हे सगळे तोंडपाठ होते. शिवाय प्रौढांच्या गटातली भाषा नोकरी गेली, बायको सोडून गेली, कर्ज झाले अशा नुकसानीची असते. पंधरा वर्षांच्या मुलाचे अजून तसे काही गेलेले नसते, त्यामुळे त्याला वाटते की हे आपल्यासाठी नाहीच.

भरतीची कायदेशीर पद्धत काय आहे?

मुलाच्या वतीने अर्ज करणारा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणजे सर्वसाधारणपणे आई, वडील किंवा कायदेशीर पालक. त्यांच्या अर्जानंतर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, अथवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. भरतीची माहिती ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळ आढावा घेते आणि पुढे दर ३० दिवसांनी पुन्हा घेते. पालकांनी संमती मागे घेतली, तर मुलाला सोडावे लागते. मुक्कामातच तो १८ वर्षांचा झाला, तर तो स्वतंत्र रुग्ण समजला जातो आणि निर्णय त्याचा असतो.

एक तरतूद पालकांना सहसा कोणी सांगत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती भरतीच्या संपूर्ण काळात मुलासोबत संस्थेत राहिली पाहिजे. मामा, आजोबा, मोठा भाऊ असे कोणीही चालेल, पण शक्यतो घरातले माणूस असावे. त्यामुळे भरतीचा बेत करताना ‘फी किती’ याबरोबर ‘राहणार कोण’ हेही घरात आधी ठरवावे.

केंद्राची माणसे गाडी घेऊन येतात आणि मुलाला घेऊन जातात, असे ऐकले. हे बरे नाही का?

बरे नाही. एका वडिलांनी अशी गाडी बोलावली होती. पहाटे चार अनोळखी माणसांनी त्यांच्या मुलाला झोपेतून उचलले. त्या केंद्राचे नाव येथे देण्याची गरज नाही. वर्षभराने तोच मुलगा आमच्याकडे आला तेव्हाही दाराच्या बाजूला डोके करून झोपत नव्हता. व्यसनाविषयी तो पहिल्या आठवड्यातच बोलू लागला, त्या पहाटेविषयी मात्र चार महिन्यांनी बोलला.

केंद्र निवडताना स्वतः जाऊन पाहावे आणि दुपारी, न सांगता जावे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या दिवशी येतात, हे कार्यालयात न विचारता मुलांना विचारावे. मुलांचे डोके सक्तीने भादरलेले दिसले, सगळ्यांना एकसारखे कपडे घालून स्वतःचे कपडे काढून घेतलेले दिसले, किंवा ‘शिक्षेची खोली’ असे शब्द कानांवर आले, तर तिथून परत फिरावे. सक्तीचे मुंडन, साखळदंड आणि एकांतकोठडी यांना कायद्याने बंदी आहे. ‘पहिले दोन महिने भेट नाही, फोन नाही’ या अटीला शिस्त म्हणण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ती शिस्त नसून आत काय चालते ते झाकण्याची सोय असते.

उपचार किती दिवसांचे असावेत?

मोठ्यांसाठी पाच आठवड्यांचा मुक्काम आपल्याकडे रुळला आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगणातले ३५ दिवस अनेकांना ऐकून माहीत असतात. किशोरवयीन मुलांचा हिशेब निराळा असतो, कारण त्यांना जुन्या आयुष्यात परत जायचे नसून जे अजून घडलेच नाही ते घडवायचे असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एकूण उपचार ९० दिवसांपेक्षा कमी असले, तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. या ९० दिवसांत निवासानंतरची ये-जाही धरावी. सहा आठवडे निवासी आणि त्यानंतर वर्षभर नियमित फॉलोअप हे मी सहा महिने कोंडून ठेवण्यापेक्षा केव्हाही बरे समजतो.

शाळा कधी सुरू करावी? आधी पूर्ण बरा होऊ द्यावा, मग अभ्यास, असे नको का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो आणि त्यामागे मुलाविषयीची कणवच असते. तरीही उत्तर असे, की शरीरातून पदार्थ उतरण्याचा टप्पा संपला आणि झोप जागेवर आली, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वही उघडावी. अभ्यास उपचारांनंतर येत नाही, तो उपचारांचाच भाग आहे. दिवसभर ‘माझे व्यसन’ याच विषयावर बोलणाऱ्या मुलाला आपली दुसरी काही ओळख सापडत नाही. वर्गात बसल्यावर तो निदान पाऊण तास नववीतला मुलगा असतो.

मात्र अभ्यास म्हणजे राहिलेले धडे भराभर उरकणे नव्हे. सुरुवातीला लक्ष पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही. काल समजलेले आज आठवत नाही आणि त्यावरून मुलगा स्वतःवरच चिडतो. म्हणून अभ्यासाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नवे काहीच शिकवत नाही. फक्त रोज दहा ओळी शुद्धलेखन. ऐकायला हे बालवाडीसारखे वाटते, परंतु एका मुलाची वही अजून माझ्यापाशी आहे. पहिल्या पानावर अक्षरे रेघ सोडून खाली घसरत गेली आहेत आणि ‘क्ष’ तीनदा खोडला आहे, अकराव्या पानावर ओळ सरळ आहे, एकविसाव्या पानावर त्याने समासात क्रिकेटचा धावफलक लिहून ठेवला आहे. डॉक्टरांनी त्या वहीची पाने चाळली आणि औषधाची मात्रा ठरवताना ती विचारात घेतली.

दुसरी गोष्ट अशी, की शिक्षकाने मुलगा नेमका कुठे थांबला ते शोधावे लागते. दाखल्यावर नववी असते, पण गणित सहावीच्या अपूर्णांकांपाशीच अडलेले असते. कारण वर्गातून मन उठले ते तेव्हाच आणि पदार्थ आला तो त्यानंतर. हा क्रम इतक्या मुलांत दिसला आहे, की आता मी नव्या मुलाला ‘कधीपासून घेतोस’ याऐवजी ‘कोणत्या इयत्तेपासून कळेनासे झाले’ असे विचारतो. या प्रश्नाचे खरे उत्तर लवकर मिळते. अपूर्णांक शिकवायला तीन आठवडे लागतात, तेवढे द्यावेत. वाचनात अडखळणाऱ्या मुलाची अध्ययन अक्षमतेसाठी आणि चंचल मुलाची अवधान-कमतरतेसाठी तपासणी करून घ्यावी. मात्र ती पदार्थ सुटल्यावर काही आठवड्यांनी करावी, एरवी निष्कर्ष चुकतो.

शाळेतून त्याचा दाखला काढून घ्यावा का?

घाई करून काढू नये. मुख्याध्यापक ‘दाखला घेऊन जा, दोघांच्याही सोयीचे होईल’ असे सुचवतात तेव्हा सोय एकाच बाजूची असते. आजारपणाची रजा मागावी, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. मुलगा आठवीपर्यंतच्या वर्गात असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. नववी-दहावीत ते संरक्षण उरत नाही, म्हणून तिथे संवाद अधिक जपून करावा लागतो.

शाळेला खरे कारण सांगावे लागते का?

सगळ्यांना नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि प्रमाणपत्रावर ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत’ एवढे पुरते. पण शाळेत एक तरी माणूस विश्वासात घ्यावा. वर्गशिक्षक असोत किंवा खेळाचे सर, ज्यांच्याकडे मुलगा परतल्यावर मधल्या सुटीत जाऊ शकेल अशी ती व्यक्ती असावी.

तो दहावीत आहे. परीक्षा चुकली तर?

फेब्रुवारी-मार्चची परीक्षा चुकली किंवा त्यात काही विषय राहिले, तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा असते. ती कोणाला देता येते, याची खात्री शाळेकडून किंवा विभागीय मंडळाकडून आधीच करून घ्यावी. शाळेशी नाते पूर्ण तुटले असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्याच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात आणि परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपतात, म्हणून मुलगा केंद्रात असतानाच कोणीतरी त्यांवर लक्ष ठेवले पाहिजे.

तिसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आहे. १४ वर्षे पूर्ण झालेला मुलगा तिथे दहावीला नाव नोंदवू शकतो, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देता येतात, ही या मुलांसाठी खरी सवलत आहे. पहिल्यांदा मातृभाषा आणि चित्रकलेसारखा विषय घेऊन पास झालेला मुलगा गणिताला सामोरा जाण्याइतका धीट होतो. हे प्रमाणपत्र पुढील शिक्षणासाठी ग्राह्य आहे. ‘बाहेरून दहावी म्हणजे कमी प्रतीची’ हा समज नातेवाइकांचा असतो.

दहावीऐवजी एखादे काम शिकवले तर?

वायरिंग, दुचाकी-दुरुस्ती, बेकरी असे काम जरूर शिकवावे, पण शिक्षणाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला. काम निवडताना एक व्यावहारिक काळजी घ्यावी : सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाला पंक्चरच्या, रंगकामाच्या किंवा चपलांच्या कारखान्यात पाठवू नये. हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

पोलिसांत प्रकरण जाईल का?

उपचारांना आला म्हणून नाही. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याच्या प्रकरणात शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. मुलगा बाल न्याय मंडळासमोर किंवा बालकल्याण समितीसमोर आलाच, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९३ खाली ते त्याला उपचार केंद्रात पाठवू शकतात. त्याची ओळख वर्तमानपत्रात छापणे हा गुन्हा आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पदार्थ पोचवण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्यासाठी कलम ७८ आहे. पुड्या पोचवणारा मुलगा बहुधा स्वतःच्या पुडीसाठी ते करत असतो, हे वकिलाला आवर्जून सांगावे.

खर्च किती येतो?

केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या व्यसनाधीनांच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांत आणि सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत उपचार मोफत किंवा नाममात्र शुल्कात होतात. तिथे किशोरांसाठी वेगळा कक्ष आहे का, हे मात्र आधी विचारावे. खासगी केंद्राकडून औषधे, तपासण्या आणि शिक्षकाचा खर्च धरून लेखी आकडा घ्यावा. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत व्यसनाच्या उपचारांना वगळणारे कलम असते, त्यामुळे विम्यावर भरवसा ठेवून बेत आखू नये. जवळचे केंद्र शोधण्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मूल संकटात असेल तर १०९८ हे क्रमांक आहेत.

वडील रोज पितात. मुलाच्या उपचारांवर परिणाम होईल का?

होईल. वडिलांचेही नाव नोंदवावे.

घरी आल्यावर पुन्हा घेतले तर सगळे पाण्यात गेले का?

नाही. घसरण पुष्कळ मुलांची होते आणि बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत होते. रागाच्या भरात घराबाहेर काढणे आणि लाजेपोटी लपवणे या दोन्ही चुका टाळून ४८ तासांच्या आत समुपदेशकाकडे न्यावे. गर्द किंवा तत्सम पदार्थांच्या बाबतीत एक धोका घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवला पाहिजे : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वी पचत असे तेवढीच मात्रा आता श्वास थांबवू शकते. मुलगा हाक मारून उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

घर किंवा शाळा बदलावी का?

पदार्थ देणारा त्याच वर्गात असेल, तर बदलावी. एरवी ओळखीच्या शाळेत अर्ध्या दिवसापासून सुरुवात केलेली बरी. गावी आजीकडे पाठवण्याचा पर्याय बऱ्याच घरांत निघतो. आजीची तब्येत, गावातली शाळा आणि फॉलोअपला येण्याची एसटी या तिन्हींचा विचार करूनच तो घ्यावा, कारण दोन तपासण्या चुकल्या की तिसरीला मुलगा येत नाही.

भेटीला येताना काय आणावे?

उघडी पाकिटे, डिओ, परफ्यूम, नेलपॉलिश, व्हाइटनर, डिंकाच्या ट्यूब आणि रोख पैसे आणू नयेत. शिवलेल्या कपड्यांच्या पट्ट्या आम्ही उसवून पाहतो, त्याचा राग मानू नये. घरचे जेवण आणताना आठ-दहा जणांना पुरेल एवढे आणावे, कारण एकाचा डबा उघडला की बाकीचे ताटातून मान वर करत नाहीत. शाळेचे दप्तर जरूर आणावे, पण आधी घरी ते रिकामे करून कप्पे तपासावेत आणि मग मुलासमोर पुन्हा भरावे. पट्टी, कंपास, दोनरेघी वही आणि शक्य असेल तर वर्गातल्या एखाद्या मित्राने उतरवून दिलेल्या गेल्या महिन्याच्या नोट्स.